ब बाटलीतलं पाणी

"हे तुमच्या वडिलांचं दुकान नाही, कोथमिरे," खांबेटे सर म्हणाले. "इथे नुसतं बघून सांगायचं नसतं."

प्रयोगशाळेत त्या वेळी आम्ही सातजण होतो आणि सातहीजणांनी ते ऐकलं. वडिलांचं मटणाचं दुकान आहे हे मी अर्जात कुठेही लिहिलं नव्हतं. पण आडनावावरून लोक सगळं काढतात. ज्यांना आडनावावरून कळलं नव्हतं त्यांना मी रोज स्टीलच्या डब्यातून बोकडाची ताजी चरबी आणायला लागले तेव्हा कळलं. ती आणायलाही सरांनीच सांगितलं होतं, "तुम्हाला काय, घरचीच," असं म्हणून.

डॉ. विद्याधर खांबेटे हे आमचे संशोधन प्रमुख. नाशिकजवळ अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आमची इंजेक्शनं बनवणारी लहानशी कंपनी होती. मी तिथे अकरा महिने झाले कच्ची नोकरी करत होते. पुढच्या महिन्यात कायम करायचं की घरी पाठवायचं हे सरांच्या एका सहीवर होतं. माणूस पंचावन्नचा, वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखा. चहात साखर नाही आणि बोलण्यात तर नाहीच. पण खोटा आकडा कधी लिहिणार नाही, कुणाला लिहू देणार नाही. हे मी आज सांगतेय. तेव्हा मला तो माणूस डोळ्यांसमोर नको व्हायचा.

समोर तीन बाटल्या होत्या. अ, ब आणि क. प्रत्येकीत चरबीचा सुपारीएवढा तुकडा. अ मध्ये नुसतं खारं पाणी होतं, त्यातला तुकडा जसाच्या तसा. क मध्ये आमचं औषध होतं, त्यातला तुकडा कडेने झिजून पाणी गढूळ झालेलं. आणि ब मध्ये तुकडाच नव्हता. नुसतं दुधाळ पाणी.

मी म्हटलं, "सर, ब ने सगळ्यात जास्त खाल्लंय."

त्यावर ते दुकानाचं बोलले.

त्यांना राग का आला ते सांगते. विषय हनुवटीखालच्या चरबीचा होता, ज्याला लोक डबल चिन म्हणतात. सोयाबीनमधून काढलेलं लेसिथिन टोचलं की ती चरबी विरघळते, असं परदेशातले काही डॉक्टर सांगत होते आणि सरांचा त्यावर विश्वास बसला होता. पण लेसिथिन पाण्यात नीट जात नाही, गोळे धरतं. म्हणून त्यात पित्तातला एक क्षार घालायचा, डिऑक्सिकोलेट त्याचं नाव. आपल्या पोटात खाल्लेलं तूप-तेल फोडून पाण्यात मिसळायचं काम असेच क्षार करतात. तो घातला की लेसिथिन निमूट विरघळतं आणि औषध स्वच्छ दिसतं. सर म्हणायचे, लेसिथिन हा प्रवासी आणि क्षार ही रिक्षा. पत्त्यावर पोचल्यावर काम प्रवासी करतो, रिक्षा नाही.

आणि आमच्या धंद्याची एक रीत आहे. औषधाची चाचणी घेताना सोबत प्लॅसिबो बनवायचा. म्हणजे खरं औषध तेवढं वगळायचं आणि बाकीचं सगळं त्याच मापात ठेवायचं. प्लॅसिबोने काहीही होता कामा नये, तरच औषधाने झालं असं म्हणता येतं. आम्ही लेसिथिन वगळलं. मागे राहिली ती रिक्षा. तीच ब बाटली.

आता त्या बाटलीतला तुकडा औषधाच्या बाटलीतल्यापेक्षा आधी गेला म्हटल्यावर सर काय म्हणणार? ते म्हणाले, रिकामी बाटली भरलेल्या बाटलीपेक्षा जोरात काम करते असं जगात कुठे घडत नाही. तुम्ही चिठ्ठ्या लावताना ब आणि क ची अदलाबदल केलीत. मी म्हटलं, नाही केली. त्यांनी विचारलं, खात्री आहे? मी म्हटलं, शंभर टक्के. ते हसले. हसायचे तेव्हा खालचा ओठ दोन्ही बाजूंनी सारखा खाली यायचा आणि खालचे दात दिसायचे. ते हसू माझ्या अजून लक्षात आहे, कारण तसं ते पुन्हा कधी दिसलं नाही.

तीनही बाटल्या त्यांनी स्वतःच्या हाताने कचऱ्याच्या डब्यात टाकल्या आणि नोंदवही माझ्यापुढे सरकवली. काय लिहायचं ते सांगितलं. मी लिहिलं, ‘ब आणि क या बाटल्यांची अदलाबदल माझ्या हातून झाली. निष्कर्ष ग्राह्य धरू नये.’ खाली सही केली, तारीख घातली. लिहिलेलं खोटं होतं, सही माझीच होती. नोकरी जाईल म्हणून केली, दुसरं काही नाही. त्या दिवशी घरी जाताना मी सरांना मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की तोंड कोरडं पडलं.

हे गुरुवारी झालं. शुक्रवारी सकाळी सूचना फलकावर कागद लागला. रविवारी पाथर्डी फाट्याजवळच्या एका हॉटेलात वीस त्वचारोगतज्ज्ञ येणार. हनुवटीखाली सुई कशी द्यायची याचं प्रशिक्षण. सरावासाठी कंपनीतल्या चार बायका स्वखुशीने बसणार, त्यांची नावं खाली होती. औषधाला माणसांवर वापरायची परवानगी अजून आलेली नव्हती आणि परवानगीशिवाय सर औषधाचा थेंबही कुणाला टोचू देणारे नव्हते, इतके ते नियमाचे पक्के. म्हणून सरावाला औषध नाही वापरायचं. प्लॅसिबो वापरायचा. प्लॅसिबोने काही होत नाही ना.

मी तो कागद दोनदा वाचला. चार नावांत दुसरं नाव सिंधू अहिररावांचं होतं.

सिंधूताई पॅकिंग हॉलमध्ये होत्या. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठ्या, अंगाने भरलेल्या, गळ्याखाली चांगली घडी. कंपनीत पहिल्या दिवशी माझा डबा कुणी उघडून बघितला आणि बाजूला सरकलं, तेव्हा त्या येऊन माझ्या शेजारी बसल्या होत्या आणि माझ्या डब्यातलं सुकं मटण निम्मं खाल्लं होतं. तेव्हापासून आम्ही रोज एकत्र जेवायचो. शुक्रवारी त्या अगदी रंगात होत्या. सासू पंधरा वर्षं या हनुवटीवरून बोलली, आता बघा, वीस डॉक्टर बघायला येणार आहेत, असं त्या सगळ्यांना सांगत होत्या.

मी त्यांना जिन्याखाली गाठलं आणि म्हटलं की रविवारी जाऊ नका, त्या पाण्याचं मला खरं वाटत नाही. त्यांनी विचारलं, म्हणजे काय? मी बाटल्यांचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चेहरा हळूहळू कडक झाला त्यांचा.

"मॅडम, पण तुम्हीच लिहून दिलंय ना, माझी चूक झाली म्हणून?"

कंपनीत अशी गोष्ट संध्याकाळपर्यंत रखवालदारालाही माहीत असते. मी म्हटलं, ते सरांनी लिहून घेतलं. त्या म्हणाल्या, मग तुमचं आणि सरांचं वाकडं आहे ते तुम्ही बघा, माझ्या हनुवटीवरून कशाला भांडता. एक दिवस कधी नव्हे ते मला कुणी खुर्चीवर बसवणार, तेही तुम्हाला बघवत नाही का? आणि निघून गेल्या. दुपारी पहिल्यांदा मी डबा एकटीने खाल्ला.

शनिवारी दुपारी मी आप्पांच्या दुकानात गेले. गिऱ्हाईक नव्हतं. आप्पा ओंडका धूत होते, ज्या लाकडावर मटण तोडतात तो. रविवारच्या गर्दीआधी ते दर शनिवारी ओंडका धुतात, लहानपणापासून बघतेय. आधी गरम पाणी, मग सुरी उभी धरून खरवडायचं, आणि मग बोकडाच्या पित्ताची पिशवी फोडून ते हिरवं पाणी लाकडावर चोळायचं. साबणाने जी चरबी निघत नाही ती पित्ताने निघते. आमच्या घरात ही गोष्ट इतकी साधी होती की तिच्याकडे कुणी बघतसुद्धा नव्हतं. आप्पांच्या बोटांना चिरा असल्या की पित्त झोंबायचं, म्हणून ते आधी हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधायचे.

मी उभी राहून बघत होते आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं.

प्रवासी कुणी नव्हताच. रिक्षाच काम करत होती. लेसिथिन उलट तिला अडवत होतं, काही क्षार स्वतःत गुंतवून ठेवत होतं, म्हणून क मधला तुकडा उशिरा झिजला. लेसिथिन काढल्यावर क्षार मोकळा सुटला आणि त्याने ब मधलं सगळं खाल्लं. आम्ही औषध वगळून पाणी ठेवलं असं समजत होतो. आम्ही पाणी वगळून औषध ठेवलं होतं.

आप्पांना मी सगळं सांगितलं. त्यांना प्लॅसिबो वगैरे कळलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "जे ओंडका धुतं ते बाईच्या गळ्यात टोचणार?"

मी घरी जाऊन पुन्हा प्रयोग केला. ब बाटली भरून उरलेलं थोडं स्वच्छ पाणी मी गुरुवारीच खिशातल्या लहान कुपीत भरून आणलं होतं, चोरून. दोन काचेच्या कुप्या घेतल्या, आप्पांनी दिलेली ताजी चरबी दोन्हींत सारखी घातली, एकीत खारं पाणी, दुसरीत ब. अंगाइतक्या कोमट पाण्यात ठेवल्या. संध्याकाळपर्यंत एकीत तुकडा होता, दुसरीत नव्हता. मग बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब ब च्या उरलेल्या पाण्यात सोडला. रक्त पाण्यात पडलं की गढूळ लाल दिसतं. हे क्षणात सरबतासारखं पारदर्शक झालं. म्हणजे रक्तातल्या पेशीही फुटल्या. हा क्षार काही चरबीची पेशी शोधत जात नाही. प्रत्येक पेशीचं आवरण चरबीचंच असतं आणि त्याला आवरण दिसलं की तो फोडतो. नेमक्या जागी, नेमकी चरबी असेल तिथे, मोजून दिला तर चरबी जाते. उथळ दिला तर कातडी जाते. जबड्याच्या कडेला गेला तर तिथून ओठाकडे जाणारी नस असते, तिचं आवरणही तसलंच. वीस शिकाऊ हात, पाणी समजून, सढळ हाताने देणार होते.

मी सरांना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं नाही, सोमवारी कार्यालयात बोला म्हणाले. मालकांना केला. मालक म्हणाले, तांत्रिक गोष्टी खांबेटे बघतात.

मग ठरवलं. रविवारी सकाळी त्या दोन कुप्या मी स्टीलच्या डब्यात ठेवल्या, हलू नयेत म्हणून भोवती कापूस भरला आणि हॉटेलात गेले. विचार साधा होता. सगळ्यांसमोर डबा उघडायचा आणि कुप्या टेबलावर ठेवायच्या. डॉक्टर लोक आहेत, बघितल्यावर बोलावं लागणार नाही. सरांनाही बोलावं लागणार नाही. चरबी कशाने गेली ते त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळलं असतं. तो माणूस डोळ्यांनी बघितलेलं नाकारणारा नव्हता, माझ्याकडून ऐकलेलं नाकारणारा होता.

सभागृहात खुर्च्या गोल मांडल्या होत्या. मध्ये एक दात काढायला बसवतात तशी मागे झुकणारी खुर्ची, तिच्यात सिंधूताई. गळ्याखाली निळ्या पेनने ओळीने ठिपके काढलेले, कशिद्याच्या कापडावर काढतात तसे. मला बघून त्यांनी तोंड फिरवलं. शेजारी डॉ. मुक्ता सोनार नावाच्या तरुण डॉक्टरबाई हातमोजे घालून सुई भरत होत्या. सर हातात काठी घेऊन पडद्यावर चित्र दाखवत होते.

मी मधोमध गेले आणि म्हटलं, "डॉक्टर, थांबा. ते देऊ नका. ते पाणी नाही."

सगळे बघायला लागले. सरांनी काठी खाली ठेवली. त्यांचा आवाज चढला नाही, त्यांचा कधीच चढायचा नाही. त्यांनी वीस डॉक्टरांना माझी ओळख करून दिली. या आमच्या शिकाऊ रसायनतज्ज्ञ. गुरुवारी यांनी दोन बाटल्यांच्या चिठ्ठ्या बदलल्या, त्यातून त्यांनी एक शोध लावला आहे. चूक त्यांनी स्वतःच्या अक्षरात कबूल केली आहे. माणसाला एकदा चूक पचली नाही की तो दुसरी करतो. कुणीतरी हसलं.

मी म्हटलं, "ते मी खोटं लिहिलं. तुम्ही लिहायला लावलंत म्हणून."

"म्हणजे नोंदवहीत तुम्ही खोटं लिहिता," सर म्हणाले. "हे तर आणखी चांगलं झालं. आता तुमचं यातलं कुठलं खरं धरायचं ते या लोकांना सांगा."

डॉ. सोनारांनी सुई खाली घेतली आणि सरांना विचारलं, यात नक्की काय आहे? सर म्हणाले, पाणी आणि थोडा विद्रावक, औषध शून्य. मग माझ्या हाताकडे बघून म्हणाले, "आणि आज काय आणलंय घरून? डबा? इथे जेवणाची सोय केली आहे, कोथमिरे. तुमच्या घरचं इथे कुणी खाणार नाही."

या वेळी बरेचजण हसले. सिंधूताई हसल्या नाहीत, पण त्यांनी डोळे मिटून घेतले. माझे दोन्ही हात डब्याच्या झाकणावर होते. एक झाकण. ते मी उघडलं असतं तर तिथे सगळं संपलं असतं.

मी डबा काखेत घेतला आणि म्हटलं, "सर, पाणीच असेल तर पहिली सुई तुम्ही घ्या."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी नजर खाली केली नाही. मला माहीत होतं ते काय करतील. असा माणूस मागे हटत नाही, विशेषतः वीस लोकांसमोर आणि विशेषतः माझ्यासारखीसमोर तर नाहीच. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, कॉलरचं बटण सोडलं आणि सिंधूताईंना म्हणाले, उठा जरा. सिंधूताई उठल्या. सर त्यांच्या जागी बसले आणि मान मागे टाकली.

डॉ. सोनार म्हणाल्या, सर, तुमच्या इथे द्यायला जागाच नाही, गळ्याला चरबीच नाही. सर म्हणाले, पाण्याला काय जागा लागते, सराव तुमचा आहे, ठिपके काढा आणि द्या. त्यांनी काढले. पहिली सुई गेली. दुसरी गेली. सर सगळ्यांना शांतपणे सांगत होते की थोडं जळजळतंय, ते विद्रावकामुळे असू शकतं. दहाव्या सुईला त्यांच्या कपाळावर घाम आला. बाराव्या की तेराव्या ठिपक्याला, जबड्याच्या डाव्या कडेजवळच्या, त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. बोलणं थांबलं. डॉ. सोनारांनी विसाव्यावर सुई बाजूला ठेवली आणि म्हणाल्या की मी यापुढे देणार नाही. तोवर सरांचा गळा लाल झाला होता आणि हनुवटीची रेघ सुजेत बुडायला लागली होती.

उरलेलं प्रशिक्षण रद्द झालं. त्या दिवशी सिंधूताईंना सुई लागली नाही, बाकी तिघींनाही नाही.

मी त्या डब्यासकट रिक्षाने घरी आले. आप्पांनी विचारलं, ऐकलं का त्यांनी? मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सर कामावर आले. गळा गलगंड झाल्यासारखा. सुट्टी घेतली नाही. रोज सकाळी आरशासमोर उभं राहून मोजपट्टी लावून सुजेचं माप घ्यायचे, फोटो काढायचे, तारीख घालायचे. दुसऱ्या आठवड्यात हनुवटीखाली रुपयाएवढी कातडी काळी पडली आणि मग सुटली. सूज उतरली तेव्हा कळलं की खालच्या ओठाची डावी बाजू खाली येत नाही. चहा पिताना त्या कोपऱ्यातून ओघळायचा, म्हणून ते सगळ्यांसमोर चहा प्यायचे बंद झाले. डॉक्टर म्हणाले, अशी नस बहुतेकांची दोन-तीन महिन्यांत परत येते. सरांची पूर्ण आली नाही.

आठ आठवड्यांनी त्यांनी अहवाल लिहिला. चौदा पानं, स्वतःच्या मानेचे फोटो, मापं, सगळं. निष्कर्ष एका ओळीचा होता. परिणाम लेसिथिनचा नाही, क्षाराचा आहे, आणि ज्याला आपण प्लॅसिबो म्हटलं तेच औषध आहे. प्रकल्प त्यांनीच बंद करायला लावला. मग गुरुवारच्या माझ्या नोंदीखाली त्यांनी लाल शाईने लिहिलं, ‘वरील नोंद चुकीची आहे. अदलाबदल झाली नव्हती. ही नोंद माझ्या सांगण्यावरून केली गेली. चूक माझी.’ सही, तारीख. आणि महिनाभर थांबून राहिलेल्या माझ्या कायम नोकरीच्या कागदावरही सही केली. माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

कंपनीत माझा भाव वधारला. सिंधूताईंनी डोळ्यांत पाणी आणून माफी मागितली आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी पुरणाचे मांडे घेऊन आल्या. सगळ्यांना सांगायच्या की या पोरीमुळे माझं तोंड सरळ आहे. मी मांडे खाल्ले. त्या खरं तेच सांगत होत्या, मी नाही कशी म्हणू?

सर आणि मी पुढची पाच वर्षं एकाच खोलीत काम केलं. कामापुरतं बोलायचं, तेही लिहून. निवृत्त व्हायच्या दिवशी संध्याकाळी सगळे हारतुरे झाल्यावर ते माझ्या टेबलापाशी आले. हातात ती जुनी नोंदवही होती. समोर बसले. पाच वर्षांत पहिल्यांदा.

"कोथमिरे, त्या रविवारी तुमच्या हातात एक डबा होता."

मी म्हटलं, "हो."

"काय होतं त्यात?"

जेवण होतं असं म्हणता आलं असतं. त्यांनीच तर तसं म्हटलं होतं सगळ्यांसमोर. पण त्यांचा तो अर्धा ओठ समोर होता आणि माझ्याने खोटं बोलवेना.

"दोन कुप्या, सर. शनिवारी घरी प्रयोग केला होता. एकीत खारं पाणी, दुसरीत ब."

"दुसरीतली चरबी?"

"पूर्ण गेली होती."

त्यांनी नोंदवही टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "मी बघितलं असतं तर थांबलो असतो."

"माहीत होतं मला."

"आणि माझ्या गळ्याला चरबी नाही हेही तुम्हाला दिसलं असेल. तुम्हाला ते आमच्यापेक्षा लवकर दिसतं."

मी हो म्हटलं. ते खरं होतं. त्यांनी मान मागे टाकली त्याच क्षणी मला दिसलं होतं. आप्पा बाजारात बोकडाच्या मानेला हात लावून सांगतात तसं मी लांबून सांगितलं असतं की इथे चरबी नाही, नुसती कातडी, स्नायू आणि नसा. सिंधूताईंना जेवढं झालं असतं त्याहून यांना जास्त होणार, कारण त्या क्षाराला खायला दुसरं काही मिळणार नाही. हे मला कळलं, डॉ. सोनारांनी तोंडाने सांगितलं, आणि तरी मी वीस सुया मोजत उभी राहिले. सिंधूताई तर केव्हाच खुर्चीतून उठलेल्या होत्या. त्यांना वाचवायला मला आणखी काही करायचं उरलं नव्हतं. त्या वीस सुया माझ्या होत्या.

सरांनी नोंदवही उघडली. माझी खोटी नोंद, खाली त्यांची लाल शाई, आणि समोरचं पान कोरं. आमच्यात कोरं पान तसंच सोडत नाहीत. त्यावर तिरकी रेघ ओढून, कारण लिहून, सही करून ते रद्द करायचं असतं, म्हणजे नंतर कुणी त्यात काही घुसडू नये. हे पान त्यांनी पाच वर्षं रद्द केलं नव्हतं.

"प्रयोग तुम्ही तीनदा केलात," ते म्हणाले. "एकदा इथे, एकदा घरी, एकदा माझ्यावर. पहिल्याची नोंद मी दुरुस्त केली. बाकी दोन तुमच्या आहेत."

पेन त्यांनी पानावर आडवं ठेवलं. उठले, सगळ्यांना नमस्कार केला, मला केला नाही, आणि गेले. मागच्या साली ते वारले असं ऐकलं.

आता त्यांच्या खुर्चीत मी बसते. दरवर्षी तपासणीला बाहेरचे लोक येतात, जुन्या नोंदवह्या चाळतात आणि त्या पानापाशी थांबतात. त्यावर तारीख आहे, माझ्या अक्षरातली, आणि खाली काही नाही. विचारतात, मॅडम, हे पान असं का? मी सांगते, माझ्या हातून चुकून राहिलं. मग ते तसं लिहून घेतात आणि मी त्याखाली सही करते.